भयाद्भुताची गोडी

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. आमच्या घरांत लहानथोर मिळून तेरा माणसें. चूल एक, देवघर एक, आणि वादाला मात्र रोज नवा विषय. त्या सकाळचा वाद एका पुस्तकावरून निघाला. माझी धाकटी नात, वय वर्षें चौदा, हिचें अंथरूण काढतांना वहिनींना उशीखालीं एक इंग्रजी पुस्तक सांपडलें. आंत पानोपानीं काळ्या शाईचीं चित्रें. त्यांत मुळ्याफांद्यांचे हातपाय असलेला एक अजस्र राक्षस. वहिनींनीं तें पुस्तक चिमटींत धरून माझ्यापुढें आणून ठेवलें.

"भाऊजी, तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत. हें असलें पोरींनीं झोपतांना वाचावें काय? आणि घरांत अजून वर्षश्राद्ध व्हायचें आहे!"

वर्षश्राद्ध माझ्या पत्नीचें. म्हणजे त्या मुलीच्या आजीचें.

मीं म्हटलें, "आधीं वाचतों, मग सांगतों." नात दाराशीं उभी राहून ऐकत होती. पुस्तक गेल्याचें दुःख तिच्या चेहऱ्यावर दिसलें नाहीं. एवढेंच म्हणाली, "आजोबा, शेवट आधीं वाचूं नका हं."

आरोपीला शिक्षा सांगण्यापूर्वीं त्याचें कुळशील पाहावें, या न्यायानें मी त्या एका पुस्तकावर थांबलों नाहीं. नातवंडांच्या कपाटांतून त्याच जातीचीं आणखी तीनचार पुस्तकें काढून घेतलीं. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पुढची वाट शब्दकोशाचें बोट धरून. तरी पंधरा दिवसांत पुष्कळ वाचून झालें. या प्रकाराला तिकडे 'डार्क फॅन्टसी' म्हणतात. भरतमुनींनीं सांगितलेल्या आठ रसांपैकीं भयानक आणि अद्भुत हे दोन येथें एका पात्रांत घोटलेले असतात, म्हणून मी या लेखापुरतें त्यास 'भयाद्भुत' म्हणतों. परीकथेंत जादू असते, तशी येथेंही असते. परंतु परीकथेंतला राजपुत्र सुखरूप घरीं येणार याची जी हमी असते, ती येथें नाहीं. प्रिय माणसें मरतात आणि मेलेलीं परत येत नाहींत. नायक किंवा नायिका बहुधा तेरा ते सतरा वर्षांची असते, आणि वडील मंडळी एक तर दूर असतात, नाहीं तर खोटें बोलत असतात. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; मला तें ध्यानांत यावयास फार वेळ लागला.

तरुण मुलांना अशा गोष्टींचें वेड लागणें, आणि वडिलांनीं त्यावर डोळे वटारणें, हें कांहीं नवें नाहीं. मी शिकवीत असतांना एका मुलाच्या बाकाखालून नारायण धारपांची कादंबरी जप्त केली होती. वर्षाच्या अखेरीस परत देऊं लागलों, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, "राहूं द्या सर, मीं दुसरी प्रत मिळवून तेव्हांच संपवली. ही तुम्हीच वाचा." मीं वाचली, आणि त्या रात्रीं परसांतला दिवा मालवावयास मुलाला पाठविलें, हेंही कबूल करतों. त्याहून मागें जावें तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या शास्त्र्यानें अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणावयास घेतल्या आणि त्यांच्या चिरंजीवांनीं, विष्णुशास्त्र्यांनीं, तें काम पुढें नेलें. त्यांतही जिन्न आहेत, शिरच्छेद आहेत, रात्रीच्या रात्री मरणाची टांगती तलवार आहे. त्या पुस्तकानें महाराष्ट्रांतल्या किती पिढ्यांच्या दुपारी खाल्ल्या, याची गणती नाहीं.

परक्या देशांतल्या आईबापांनाही हीच चिंता आहे. २०११ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्रांत मेघन कॉक्स गर्डन या समीक्षिकेनें एक लेख लिहिला. तेरा वर्षांच्या मुलीसाठीं पुस्तक घ्यावयास दुकानांत गेलेली एक आई रिकाम्या हातीं परतते, कारण कुमारांच्या कपाटांत जिकडे तिकडे रक्तपिपासु पिशाच्चें आणि आत्मघात, अशी त्याची सुरुवात. तो लेख केवळ भयाद्भुतावर नव्हता, कुमारांसाठीं निघणाऱ्या एकंदर काळोख्या वाङ्मयावर होता. पण त्यानें मोठें वादळ उठलें. शर्मन अलेक्सी नांवाच्या लेखकानें त्याच पत्रांत उलट टपालीं लिहिलें. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, माझ्या अनेक लहान वाचकांवर खरीं संकटें आधींच कोसळून गेलीं आहेत; त्यांना पुस्तकांतल्या संकटांपासून वांचवावयास तुम्ही फार उशिरां आलां आहांत. हा वाद मीं वाचला तेव्हां मला दोन्ही पक्ष पटले. शिक्षकाचा हा जुना दोष आहे.

मात्र संस्कृत शिकलेल्या माणसाला येथें एक निराळाच प्रश्न पडतो. भीति ही दुःखद. मग ती चाखावयास माणूस पदरचे पैसे कां मोजतो? आमच्या आलंकारिकांनीं हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीं सोडविला आहे. भट्टनायकानें त्यासाठीं 'साधारणीकरण' ही कल्पना मांडली, आणि काश्मीरच्या अभिनवगुप्तानें शाकुंतलांतील दुष्यंताच्या बाणापुढें धांवणाऱ्या हरणाचें उदाहरण घेऊन तिचा विस्तार केला. मान वळवून मागें पाहत धांवणारें तें हरिण वाचतांना आपल्याला जी भीति वाटते, ती 'मी भ्यालों' अशी नसते आणि 'तो भ्याला' अशीही नसते; स्थळकाळाचीं बंधनें गळून निव्वळ भीति तेवढी समोर उरते. स्वतःची भीति माणसाला पाहतां येत नाहीं, कारण तो तिच्यांत बुडालेला असतो. हरणाची भीति पाहतां येते.

आतां चौदा वर्षांच्या मुलाची अवस्था पाहा. त्याला भीति पुष्कळ आहे, पण तिला नांव नाहीं. शरीर बदलत आहे; कालपर्यंत सर्वज्ञ वाटणारे आईबाप चुकतांना दिसूं लागले आहेत; मरण ही शेजारच्या घरची गोष्ट राहिलेली नाहीं. आणि याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं. अशा वेळीं हरिण कोणी पुढें आणून उभें केलें, तर तो त्याच्याकडे डोळे न मिटतां पाहील, यांत नवल कसलें?

अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचें 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' हें पुस्तक १९६८ सालीं निघालें. प्रकाशकानें वाढत्या मुलांसाठीं कांहीं लिहा असें सांगितल्यावर तिच्या मनांत आलें कीं, गोष्टींतले जादूगार नेहमीं पांढऱ्या दाढीचे म्हातारे कां असतात? ते पंधरा वर्षांचे असतांना कसे होते? त्यांतून गेड नांवाचा गर्विष्ठ, हुशार, गरीब घरचा मुलगा निर्माण झाला. सोबत्याशीं चुरस लागली असतां केवळ ईर्ष्येनें तो मृतांच्या राज्याचें दार उघडतो आणि तेथून एक काळी छाया बाहेर पडते. ती त्याचा पाठलाग करते. शेवटीं तो पळणें सोडून उलटा तिच्या मागें लागतो, समुद्राच्या टोकाशीं तिला गांठतो आणि तिला नांवानें हांक मारतो. तें नांव त्याचें स्वतःचेंच असतें! या पुस्तकांत प्रत्येकाला एक गुप्त खरें नांव असतें, आणि गेडला तें तेराव्या वर्षीं गुरूकडून मिळतें. हें वाचतांना मला आश्वलायन गृह्यसूत्राची आठवण झाली. तेथें बालकाला एक अभिवादनीय नांव ठेवावें व मौंजीपर्यंत तें मातापित्यांनाच ठाऊक असावें, असें सांगितलें आहे. आमच्या घरांतल्या मुंजी आतां कार्यालयांत होतात, गुप्त नांव कोणाला सांगितल्याचें मला तरी आठवत नाहीं. मुलें तें परक्या भाषेंतल्या पुस्तकांतून शोधीत असतील, तर त्यांना बोल कसा लावावा?

हॅरी पॉटरविषयीं येथें फार लिहीत नाहीं. तो मराठींतही आला आहे आणि घरोघरीं ठाऊक आहे. एकच गोष्ट सांगतों. १९९७ पासून २००७ पर्यंत निघालेल्या त्या सात भागांत वाचकाबरोबर काळोखही वाढत जातो. पांचव्या भागांत शाळेच्या गाड्यांना जुंपलेले हाडकुळे, पंखांचे, काळे घोडे येतात. ते पूर्वींही गाड्या ओढीत होतेच. परंतु ज्यानें कोणाचें मरण डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्यालाच ते दिसतात. चवथ्या भागाच्या अखेरीस हॅरीनें आपला सोबती मरतांना पाहिला आहे, म्हणून आतां त्याला ते दिसूं लागतात, आणि त्याला वाटतें आपल्याला वेड लागलें. तेव्हां लहानपणीं आई गमावलेली एक मुलगी शांतपणें सांगते कीं, मलाही दिसतात. रोलिंगबाईंची स्वतःची आई १९९० च्या डिसेंबरांत वारली, त्या वेळीं पहिल्या भागाचें लेखन नुकतें सुरू झालें होतें. तो प्रसंग मीं दोनदां वाचला.

आतां त्या उशीखालच्या पुस्तकाकडे येतों. त्याचें नांव 'अ मॉन्स्टर कॉल्स', लेखक पॅट्रिक नेस, साल २०११. मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती कर्करोगानें २००७ सालीं वारली आणि लिहावयाचें राहून गेलें, तें नेसनें पुरें केलें. चित्रें जिम के याचीं. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें बालवाङ्मयाचीं कार्नेगी आणि ग्रीनअवे हीं दोन्ही पदकें, एक लेखनाचें व एक चित्रांचें, याच पुस्तकाला मिळालीं.

कॉनर हा तेरा वर्षांचा मुलगा. आई कर्करोगानें आजारी. सगळे म्हणतात ती बरी होणार. शाळेंत सर्वजण त्याच्याशीं अतिशय गोड वागतात, म्हणजे त्याला टाळतात. एका रात्रीं, मध्यरात्रीनंतर सात मिनिटांनीं, घरामागच्या दफनभूमींतला यू वृक्ष राक्षस होऊन त्याच्याकडे येतो. याच जातीच्या वृक्षांपासून कर्करोगावरचीं कांहीं औषधें प्रत्यक्षांत निघालीं आहेत, आणि गोष्टींतल्या आईचें शेवटचें औषधही त्याचेंच. राक्षस म्हणतो, मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तूं मला सांगावयाची, आणि ती खरी पाहिजे.

येथें मीं पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलें. झाड, रात्र, प्रेतभूमि, गोष्टी सांगणारें भूत आणि शेवटीं ऐकणाऱ्याकडून उत्तराची मागणी! हा तर आपला वेताळ. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें कथासरित्सागरांत ज्या पंचवीस कथा गुंफल्या, त्यांत राजा त्रिविक्रमसेन शिंशपा वृक्षावरचें प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानांतून चालतो आणि प्रेतांतला वेताळ त्याला गोष्टी सांगतो. प्रत्येकीच्या शेवटीं कोडें. ज्याला आपण दोषी समजतों तो खरोखर दोषी आहे काय? राक्षसाच्या गोष्टीही अशाच. पहिल्या गोष्टींतली जिला सारे खुनी ठरवितात ती राणी त्या खुनापुरती निर्दोष निघते, आणि लोकांनीं डोक्यावर घेतलेल्या राजपुत्राचेच हात रक्तानें माखलेले असतात. नेसनें वेताळ वाचला होता असें मी म्हणत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, वहिनींनीं चिमटींत धरून आणलेली वस्तु आमच्याच माळ्यावर फार दिवस पडलेली होती.

कॉनरची चौथी गोष्ट शेवटीं येते. कड्यावरून आई खालीं घसरत आहे आणि त्यानें तिचे हात धरले आहेत, हें स्वप्न त्याला रोज पडतें. स्वप्नांतलें जें सत्य तो कोणाला सांगत नाहीं, तें हें कीं, हात सुटले नाहींत, त्यानें सोडले. आई मरावी असें त्याला वाटत नव्हतें. पण हें सगळें आतां एकदां संपावें, असें वाटलें होतें.

मीं पुस्तक खालीं ठेवलें आणि त्या रात्रीं पुन्हां उचललें नाहीं.

माझी पत्नी चौदा महिने अंथरुणावर होती. तोच रोग. शेवटच्या पंधरवड्यांत एका पहाटे तिच्या उशाशीं बसलों असतां माझ्या मनांत तेंच वाक्य आलें, अगदीं त्याच शब्दांत. त्यानंतर तिच्या तोंडांत चमच्यानें पाणी घालतांना माझा हात कांपे, तो केवळ वयामुळें नव्हे. हें मीं कोणाला सांगितलें नव्हतें, मुलालाही नाहीं. मंत्र म्हटले, पिंड दिले, आणि ती गोष्ट तशीच आंत राहिली.

आणि त्याच पंधरवड्यांत या मुलीनें मला माडीच्या जिन्यांत अडवून विचारलें होतें, "आजोबा, आजी बरी होणार ना?" डॉक्टरांनीं दोन दिवसांपूर्वींच स्पष्ट सांगितलें होतें. मी म्हणालों, "होणार तर! जा, अभ्यास कर." कठोपनिषदांतला नचिकेता बापाला पुन्हां पुन्हां विचारतो, तेव्हां बाप चिडून म्हणतो कीं, तुला मृत्यूला दिला. तें उपनिषद् मीं किती वेळां शिकविलें असेल! तो कुमार यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी बसला, कारण घरांत त्याला उत्तर देणारें कोणी नव्हतें, हें मात्र माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. यम त्याला हत्ती, घोडे, दीर्घायुष्य, सारें देऊं करतो, पण प्रश्न सोड म्हणतो. आम्हीही त्या चौदा महिन्यांत मुलीला पुष्कळ वस्तु आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मीं नातीला गच्चीवर बोलाविलें.

"हें पुस्तक कितीदां वाचलेंस?"

"चारदां."

"भीति नाहीं वाटली?"

"राक्षसाची? छे! तो चांगला आहे." मग थोडी थांबली. "कॉनर शेवटीं जें सांगतो ना, तें मला पहिल्यांदा वाचतांनाच कळलें होतें. तो सांगायच्या आधींच."

"कसें?"

ती कठड्याचा रंग नखानें खरवडीत राहिली. "आजीच्या वेळीं मलाही तसें वाटलें होतें. एकदांच. मला वाटलें, असें फक्त मलाच वाटतें, म्हणून मी फार वाईट आहें."

मीं सांगितलें, "मलाही वाटलें होतें." याहून अधिक कांहीं बोलतां आलें नाहीं. तिनेंही विचारलें नाहीं. खालून वहिनींनीं जेवावयास हांक मारली, तोंवर आम्ही तसेंच बसलों होतों.

म्हणून या प्रकारच्या सगळ्याच पुस्तकांना मी हार घालावयास निघालों आहें, असें मात्र कोणी समजूं नये. तसल्या कपाटांत भूस पुष्कळ आहे. कांहींत रक्त केवळ पानें भरावयास सांडलेलें असतें. एका भागांत मेलेला माणूस दुसऱ्या भागांत उठतो, कारण तिसरा भाग विकावयाचा असतो. २००५ सालीं निघालेली आणि जगभर खपलेली 'ट्वायलाइट' मीं शंभर पानांवर सोडली. पिशाच्चाच्या प्रेमांत पडून स्वतःचा विचारच विसरणारी मुलगी मला रुचली नाहीं. नात म्हणते, आजोबांना ती समजली नाहीं. असेल. सोमदेवाच्याच काळांत काश्मिरांत क्षेमेंद्र झाला. त्यानेंही वेताळाच्या कथा संस्कृतांत सांगितल्या, आणि औचित्य हा काव्याचा प्राण असेंही त्यानेंच मांडलें. भयानकालाही औचित्य लागतें. मरणाला वजन आहे कीं नाहीं, आणि चूक करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते कीं नाहीं, एवढें मी आतां पाहतों. नऊदहा वर्षांच्या मुलाच्या हातीं मात्र यांतलें कांहीं मी आपण होऊन देणार नाहीं. धाकट्या नातवानें तें चित्रांचें पान पाहिलें आणि तीन रात्री तो माझ्या पांघरुणांत झोपला.

वर्षश्राद्ध झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, रात्रीचीं जेवणें उरकलीं कीं मी मुलांना वेताळाच्या गोष्टी सांगूं लागलों, संस्कृतांतून जशा आहेत तशा, कांहीं न गाळतां. पहिल्या रात्रीं वेताळाची अट सांगितली: उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याचीं शकलें होतील. नातीनें मान वांकडी करून माझ्याकडे पाहिलें.

"मग आजोबा, जिन्यांत मीं विचारलें तेव्हां तुमचें डोकें कसें नाहीं फुटलें?"

सुनेनें तिला दटावलें. मीं तिला दटावूं दिलें नाहीं.

पुस्तकाचा निकाल वहिनींना सांगितला, तो त्यांनीं मान्य केला नाहीं. "तुम्ही पुरुषमाणसें, तुम्हांला काय कळतें," असें म्हणून त्यांनीं तें स्वतःकडे ठेवून घेतलें. त्यांना इंग्रजी येत नाहीं. म्हणून आतां दुपारीं, शाळा सुटून आल्यावर, नात मागच्या पडवींत बसून त्यांना तें पानापानानें मराठींत सांगते. दोघी दुसऱ्या गोष्टीपर्यंत आल्या आहेत. काल वहिनी मला विचारीत होत्या, "भाऊजी, त्या पोराची आई वांचते का हो?" मीं सांगितलें, शेवट आधीं विचारूं नये.